अमेरिकेनं जमीन विकत घेतली, ती नेमकी कोणाकडून?

ग्रीनलँड विकत घेण्याची भाषा डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ साली केली आणि २०२५ पासून ती पुन्हा जोरात सुरू झाली. ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा की, एवढं मोठं बेट माणसांसकट विकत घेता येतं का? त्यावर लगेच अमेरिकेच्या इतिहासातली यादी पुढे केली जाते. १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना, दीड कोटी डॉलर. १८६७ साली रशियाकडून अलास्का, ७२ लाख डॉलर. १९१७ साली डेन्मार्ककडून कॅरिबियन समुद्रातली बेटं, अडीच कोटी डॉलर. म्हणजे ही प्रथा जुनीच आहे, असा युक्तिवाद होतो.

यादी खरी आहे. पण या प्रत्येक व्यवहारात एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे, ती म्हणजे विकणाऱ्याकडे ती जमीन होती. लुइझियाना म्हणून जो प्रदेश विकला गेला तो सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे जवळजवळ सात महाराष्ट्रांएवढा. त्यात न्यू ऑर्लिअन्स, सेंट लुइस आणि नदीकाठची काही ठाणी सोडली, तर युरोपी सत्तेचा अंमल प्रत्यक्षात कुठेच नव्हता. बाकी सगळीकडे ओसेज, पॉनी, मँडन, लाकोटा, कॅडो अशा लोकांची गावं, मक्याची शेतं आणि शिकारीची रानं होती. मग फ्रान्सनं विकलं काय?

## आधी शेताचं उदाहरण

मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी, हे ज्यानं तलाठ्याकडे दोन चकरा मारल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतोय दुसरा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पण इथे त्याहून एक पायरी पुढे जावं लागतं.

समजा, एक कुटुंब आज्या-पणज्यांपासून पन्नास एकर कसतंय. दूरच्या शहरातले दोन सावकार आपसात ठरवतात: या कुटुंबानं कधी जमीन विकायला काढली, तर ती मीच घ्यायची, तू मध्ये पडायचं नाही. त्या बदल्यात दुसरा सावकार पलीकडच्या गावात तसाच हक्क मागून घेतो. कुटुंबाला याचा पत्ताच नाही. काही वर्षांनी पहिला सावकार हा 'आधी घेण्याचा हक्क' तिसऱ्याच माणसाला पैसे घेऊन विकतो. कागद होतो, सह्या होतात, नकाशात रंग बदलतो. शेतात मात्र तेच कुटुंब, तीच औतं.

या 'आधी घेण्याच्या हक्काला' अग्रहक्क म्हणतात. लुइझियानाच्या कागदानं अमेरिकेला तीन गोष्टी मिळाल्या. शहरांमधल्या सरकारी इमारती, किल्ले आणि मोकळी सरकारी जमीन, ही पहिली. दुसरी म्हणजे इतर युरोपी राजांच्या नजरेत त्या प्रदेशावरचं सार्वभौमत्व, म्हणजे शेवटचा शब्द चालवण्याचा अधिकार. आणि तिसरी, बाकीच्या अफाट प्रदेशातल्या लोकांकडून जमीन घेण्याचा अग्रहक्क. खुद्द जमीन त्या लोकांकडून नंतर वेगळी मिळवावी लागली, आणि त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं गेली.

अग्रहक्क ऐकायला साधा वाटतो. पण तो वापरात आला की जमीनवाल्याला एकच गिऱ्हाईक उरतं, आणि गिऱ्हाईक एकच असलं की भाव तेच ठरवतं. पुढचा सगळा इतिहास या एका कलमातून निघाला आहे.

## हा हक्क युरोपला दिला कोणी?

युरोपनंच युरोपला दिला. १४५५ साली पोपनं एका फर्मानानं पोर्तुगालला आफ्रिकेच्या किनाऱ्यानं पुढे जाण्याचा, बिगरख्रिस्ती राज्यं जिंकण्याचा आणि तिथल्या व्यापाराचा एकाधिकार दिला. कोलंबस परतल्यावर १४९३ साली दुसऱ्या पोपनं पश्चिमेकडचा प्रदेश स्पेनला दिला. दोघांत भांडण नको म्हणून १४९४ साली तोर्देसियास गावी तह झाला आणि केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर (लीग म्हणजे अंतराचं जुनं युरोपी माप) उत्तर-दक्षिण रेषा ओढली गेली. पश्चिमेकडचं स्पेनचं, पूर्वेकडचं पोर्तुगालचं. गोव्याहून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातल्या जहाजांवर 'कार्ताझ' परवान्याची सक्ती केली, तीही याच एकाधिकाराच्या जोरावर. आपल्याच समुद्रात आपल्या गलबतांना लिस्बनच्या राजाचा कागद लागू लागला.

इंग्लंडनं पोपची वाट पाहिली नाही. १४९६ साली सातव्या हेन्रीनं जॉन कॅबटला सनद दिली: ख्रिस्ती लोकांना आजवर ठाऊक नसलेले प्रदेश शोध आणि माझ्या नावानं ताब्यात घे. राजा वेगळा, सनद वेगळी, पण नियम एकच. जो ख्रिस्ती राजा किनाऱ्यावर आधी पोचला, त्याच्या आड दुसऱ्या ख्रिस्ती राजानं यायचं नाही. कायद्याच्या भाषेत याला 'शोधाचा सिद्धान्त' म्हणतात. हा करार चोरांचा म्हणा की राजांचा म्हणा, त्यात ज्यांची जमीन होती ते पक्षकार नव्हते.

मुंबईचाही असाच कागद झालेला आहे. १६६१ च्या विवाह करारात पोर्तुगालनं मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. बेटावरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारलं नाही. नेमकं काय दिलं यावरच गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि इंग्रज यांच्यात वाद पेटला. फक्त मुंबईचं बेट, की माहीम आणि साष्टीही? ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं, आणि १६६८ साली राजानं ते वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

## 'इंडियन' या शब्दाचा गैरफायदा

अमेरिकेच्या जमिनीचा वाद आणि हिंदुस्थान यांचा थेट संबंध एका कायदेशीर मतात आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत तो फारसा पोचलेला नाही.

१७५७ साली ईस्ट इंडिया कंपनीनं ब्रिटिश सरकारला विचारलं की, हिंदुस्थानात आम्हाला मिळणाऱ्या जमिनींवर हक्क कोणाचा? चार्ल्स प्रॅट आणि चार्ल्स यॉर्क या सरकारच्या दोन वरिष्ठ वकिलांनी उत्तर दिलं. लढून जिंकलेल्या मुलखाची गोष्ट वेगळी. पण मोगल बादशहाकडून किंवा इंडियन राजांकडून सनदेनं अथवा तहानं जमीन मिळाली असेल, तर इंग्लंडच्या राजाची वेगळी सनद लागत नाही. मालकी कंपनीची, सार्वभौमत्व राजाचं.

तिकडे अमेरिकेत १७६३ सालच्या राजघोषणेनं ॲपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांना मज्जाव केला होता. मूळ रहिवाशांकडून खासगी माणसानं जमीन घ्यायची नाही. घेईल तर फक्त राजा. ही अग्रहक्काचीच अंमलबजावणी होती. वसाहतीतल्या जमिनीच्या दलालांना ती जाचत होती, आणि पुढे राजाविरुद्ध जो असंतोष पेटला त्यात या बंदीचाही वाटा आहे. त्यांच्या हाती १७५७ च्या मताची एक नक्कल लागली, ज्यातून मोगल बादशहाचा उल्लेख गायब होता. उरले 'इंडियन राजे'. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनाही इंग्रजीत इंडियनच म्हणतात, त्यामुळे कलकत्त्यासाठी लिहिलेलं मत इलिनॉयच्या रानाला लागू असल्यासारखं दिसू लागलं. ही नक्कल दाखवून इलिनॉय कंपनीनं १७७३ साली आणि वाबॅश कंपनीनं १७७५ साली तिथल्या जमातींकडून प्रचंड मोठे टापू परस्पर विकत घेतले.

याचा निकाल लागायला १८२३ साल उजाडलं. तोवर अमेरिका स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं झाली होती. १७७५ च्या खरेदीदारांपैकी टॉमस जॉन्सन यांचे वारस एका बाजूला, आणि १८१८ साली त्याच भागात अमेरिकन सरकारकडून जमीन घेतलेला विल्यम मॅकिंटॉश दुसऱ्या बाजूला. (दोघांच्या जमिनी एकमेकींवर येतच नव्हत्या, हे नंतरच्या अभ्यासकांनी नकाशे लावून दाखवलं आहे. निकाल मिळवण्यासाठीच तो दावा उभा केला होता.) सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १७५७ चं मत बाजूला सारलं, कारण ते हिंदुस्थानातल्या खरेदीबद्दल होतं. आणि मग त्यांनी जो नियम सांगितला त्यावर अमेरिकेचा जमीन कायदा आजही उभा आहे: 'शोधा'मुळे अंतिम मालकी शोधणाऱ्या राजाची झाली, मूळ रहिवाशांकडे उरली ती वहिवाट, ती संपवण्याचा अधिकार फक्त राजाला, आणि राजाचा तो अधिकार स्वातंत्र्यानंतर वारसानं अमेरिकेकडे आला.

वस्ती असलेल्या देशाचा 'शोध' म्हणजे तो जिंकणंच, हा दावा अवास्तव आहे हे मार्शल यांनी त्याच निकालात कबूल केलं आहे. पण देशातली सगळी मालकी त्यावरच उभी राहिली असताना न्यायालयाला तो नाकारता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. राजाविरुद्ध बंड करून झालेल्या प्रजासत्ताकानं राजाचा हा हक्क मात्र जसाच्या तसा उचलला. माझ्या मते अमेरिकेच्या इतिहासातला युरोपी साम्राज्याचा सर्वांत खोल धागा हाच आहे.

## लुइझियानाचा व्यवहार प्रत्यक्षात कसा झाला?

लुइझियाना १७६२ पासून स्पेनकडे होती. १ ऑक्टोबर १८०० च्या गुप्त करारानं नेपोलियननं ती परत मिळवली. त्याचा बेत असा होता की, कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीमध्ये, गुलामांकडून साखर पिकवायची आणि तिथल्या लोकांना लागणारं धान्य, लाकूड लुइझियानातून पुरवायचं. पण सँ-दोमँगच्या गुलामांनी १७९१ पासून बंड करून गुलामी संपवली होती. ते मोडण्यासाठी १८०१ च्या अखेरीस मोठी फौज पाठवली, ती लढाईनं आणि पिवळ्या तापानं संपली. सेनापती लक्लेर्क स्वतः नोव्हेंबर १८०२ मध्ये त्याच तापानं गेला. साखरेचं बेट हातचं गेल्यावर त्याला धान्य पुरवणाऱ्या प्रदेशाचा काय उपयोग? त्यात इंग्लंडशी युद्ध तोंडावर आलेलं. नेपोलियननं विकायचं ठरवलं.

अमेरिकेचे दूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आणि जेम्स मन्रो न्यू ऑर्लिअन्स बंदर आणि फ्लोरिडा एवढंच मागायला आले होते. समोरून अख्खा प्रदेश पुढे आला. ३० एप्रिल १८०३ या तारखेच्या करारात किंमत ठरली ८ कोटी फ्रँक. त्यातले ६ कोटी फ्रान्सला, आणि २ कोटी अमेरिकन व्यापाऱ्यांची फ्रान्सकडून येणं असलेली देणी भागवायला. अमेरिकेकडे रोकड नव्हती. तिनं १ कोटी साडेबारा लाख डॉलरचे ६ टक्के व्याजाचे रोखे काढले. ते ॲमस्टरडॅमच्या होप आणि लंडनच्या बेअरिंग या पेढ्यांनी फ्रान्सकडून दर पाडून घेतले आणि फ्रान्सला रोख दिली. म्हणजे इंग्लंडवर चालून जाण्यासाठी नेपोलियनला लागणारा पैसा लंडनच्या पेढीतून गेला.

आता ताब्याच्या तारखा पाहा. स्पेननं न्यू ऑर्लिअन्स फ्रान्सच्या हाती दिलं ३० नोव्हेंबर १८०३ ला, आणि फ्रान्सनं अमेरिकेच्या हाती २० डिसेंबर १८०३ ला. विकणाऱ्याचा झेंडा तिथे वीस दिवस फडकला. प्रदेश दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं वचन नेपोलियननं स्पेनला दिलेलं होतं. आणि हद्द कुठपर्यंत, हे करारात लिहिलेलंच नव्हतं. पश्चिमेची सीमा स्पेनशी तह होऊन १८१९ साली ठरली. चतुःसीमा नसलेलं असं खरेदीखत आज कुठलाही दुय्यम निबंधक नोंदवून घेणार नाही.

हैतीनं १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ साली फ्रान्सनं युद्धनौका उभ्या करून त्याच हैतीकडून, गमावलेल्या मळ्यांची आणि माणसांची भरपाई म्हणून, १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. लुइझियानाच्या कागदासाठी अमेरिकेनं जेवढे दिले, त्याच्या जवळजवळ दुप्पट. १८३८ साली ती रक्कम कमी झाली, पण कर्ज फेडण्यात हैतीच्या पिढ्या गेल्या. ज्यांच्या बंडामुळे अमेरिकेला लुइझियाना मिळाली, त्यांना हे बक्षीस मिळालं.

## मग खरी जमीन कशी मिळवली?

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानं मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला ठेवला. म्हणजे गिऱ्हाईक एकच. ज्यांना विकायचंच नव्हतं त्यांना विकायला लावण्याचे मार्ग ठरलेले होते.

पहिला मार्ग उधारीचा. अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी फेब्रुवारी १८०३ मध्ये इंडियाना प्रांताचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना खासगी पत्रात तो स्पष्ट सांगितला आहे: सरकारी वखारी वाढवा, जमातींमधल्या वजनदार लोकांवर कर्ज होऊ द्या, कर्ज डोईजड झालं की ते जमीन सोडून फेडायला तयार होतात. सावकारी पाहिलेल्या मराठी वाचकाला यात काही समजावून सांगायला नको. १८०५ साली चॉक्टॉ लोकांशी झालेल्या माउंट डेक्स्टरच्या तहात हे आकड्यांत दिसतं. जमिनीबद्दल ५०,५०० डॉलर, आणि त्यातले ४८,००० व्यापाऱ्यांचं कर्ज फेडण्यासाठी. उरलेले अडीच हजार गेले जॉन पिचलिन या दुभाष्याला.

दुसरा मार्ग धाकाचा. १८०८ साली ओसेज लोकांकडून मिसूरी आणि आर्कान्सॉ नद्यांमधला प्रचंड टापू लिहून घेतला गेला. आजच्या मिसूरी राज्याचा बराचसा भाग त्यात येतो. मोबदला 'मोठे' आणि 'धाकटे' या त्यांच्या दोन शाखांपैकी मोठ्या ओसेजना ८०० डॉलर आणि धाकट्या ओसेजना ४०० डॉलर रोख, शिवाय दरवर्षी दीड हजारांचा माल, एक लोहार आणि एक गिरणी. सही न करणाऱ्यांना अमेरिकेचे मित्र समजलं जाणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

तिसरा मार्ग तह मोडण्याचा. १८६८ च्या फोर्ट लॅरामीच्या तहानं ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटांसाठी राखून ठेवले. प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांश लोकांच्या सह्यांशिवाय त्यातली जमीन घेता येणार नाही, असं कलम होतं. १८७४ साली तिथे सोनं सापडलं. १८७६ च्या कागदावर जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या सह्या मिळाल्या, तरी १८७७ साली संसदेनं कायदा करून डोंगर घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन योग्य मोबदला न देता घेतली असं ठरवलं आणि १ कोटी ७१ लाख डॉलर अधिक शंभर वर्षांचं ५ टक्के व्याज मंजूर केलं. लाकोटांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत. व्याज धरून ती रक्कम १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की, जमीन विकायला काढली नव्हती.

## 'पण त्यांना मालकी कळतच नव्हती ना?'

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो चुकीचा आहे. मँडन, चेरोकी, इरोक्वॉय हे शेती करणारे लोक होते. कोणतं शेत कोणत्या घराण्याचं, कोणत्या नदीवर मासे कोणी धरायचे, शिकारीची हद्द कुठे संपते, हे त्यांच्यात पक्कं होतं आणि हद्दीवरून लढायाही होत. त्यांच्याकडे नव्हती ती गोष्ट वेगळी: एका माणसानं सगळ्यांची जमीन कायमची, परक्याला, कागदावर देऊन टाकणं. गायरान सरपंचानं एकट्यानं विकलं तर गाव जसं चवताळेल, तसंच तिथे झालं. अनेक तह एखाद्या गटाच्या सहीवर झाले आणि बाकीच्यांना ते मान्य नव्हते. १८३५ साली चेरोकींच्या मूठभर लोकांनी केलेला न्यू एकोटाचा तह असाच. त्याच्या आधारे १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं गेलं. त्यात अंदाजे चार हजार लोक दगावले.

## 'मग हिंदुस्थानात असं का झालं नाही?'

इंग्रज तेच होते, पण त्यांना हवं होतं ते वेगळं होतं. कंपनीला १७६५ साली बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क. सारा भरायला रयत लागते. कसणारा परागंदा झाला तर तिजोरी रिकामी. अमेरिकेतल्या वसाहतवाल्याला जमीन स्वतः कसायची होती, आणि दक्षिणेत गुलामांकडून कसून घ्यायची होती. तिथे आधीचे लोक अडचण ठरत. त्यातच देवीसारख्या युरोपातून आलेल्या रोगांनी अमेरिकेतल्या वस्त्या आधीच पोखरल्या होत्या. शिवाय पेशवे, निजाम, म्हैसूर यांच्याकडे तोफा आणि लाखाच्या फौजा होत्या. इथे लूट सारावसुलीतून झाली, तिथे विस्थापनातून.

## 'हे सगळं आता इतिहासजमा झालं नाही का?'

अलास्काचं पाहा. तिथे एका वेळी हजार रशियनही कधी नव्हते. तरी १८६७ च्या तहानं अख्खा प्रदेश विकला गेला. तिथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांची तक्रार पहिल्यापासून हीच होती की, रशियाचं जे नव्हतं ते त्यानं विकलं. १९५१ साली सरकारनं टॉन्गस जंगलातलं लाकूड विकायला काढलं तेव्हा ट्लिंगिटांपैकी टी-हिट-टन या कुळानं भरपाई मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयानं १८२३ चाच नियम लावला: ही नुसती वहिवाट, तिला सरकारनं रीतसर मान्यता दिलेली नसेल तर ती काढून घेतल्याची भरपाई लागत नाही. मात्र दुसऱ्या एका दाव्यात १९६८ साली ट्लिंगिट आणि हैडा लोकांना ७५ लाख डॉलर मिळाले, म्हणजे रशियाला दिलेल्या ७२ लाखांहून आकड्यानं थोडे जास्तच.

त्याच वर्षी अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे इथे तेल सापडलं. तेलवाहिनी ज्या जमिनीवरून न्यायची त्यावर मूळ रहिवाशांचे दावे होते, आणि ते मिटल्याशिवाय नळ टाकता येईना. तेव्हा १९७१ साली कायदा झाला: ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर. अलास्काची खरी खरेदी झाली ती ही, असं म्हणायला हरकत नाही. पहिल्या कागदानंतर १०४ वर्षांनी.

१९९७-९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ओनायडा लोकांनी आपलीच जुनी जमीन बाजारभावानं परत विकत घेतली आणि तिच्यावर शहराचा कर लागू नये असं म्हटलं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं, आणि निकालाच्या पहिल्याच तळटीपेत शोधाचा सिद्धान्त नमूद आहे. व्हॅटिकननं मार्च २०२३ मध्ये हा सिद्धान्त जाहीरपणे नाकारला. अमेरिकेच्या न्यायालयांनी अजून नाकारलेला नाही.

## ग्रीनलँडला हे कसं लागू पडतं?

१९१७ ची बेटं आणि ग्रीनलँड एकाच व्यवहारात गुंतलेली आहेत. सेंट टॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही बेटं विकताना डेन्मार्कनं किमतीशिवाय आणखी एक गोष्ट मागितली. ४ ऑगस्ट १९१६ ला, कराराच्याच दिवशी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी लिहून दिलं की, डेन्मार्कनं आपले राजकीय आणि आर्थिक हितसंबंध अख्ख्या ग्रीनलँडभर वाढवले तर अमेरिका हरकत घेणार नाही. म्हणजे शेताच्या उदाहरणातले दोन सावकार पुन्हा समोरासमोर बसले: हे बेट माझं, ते तुझं. विक्रीवर डेन्मार्कमध्ये मतदान झालं. बेटांवरच्या सुमारे २६ हजार लोकांचं अधिकृत मत घेतलं गेलं नाही. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळायला १९२७ साल लागलं, आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना आजही मत नाही.

१९४६ साली ट्रुमन सरकारनं ग्रीनलँडसाठी १० कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं. डेन्मार्कनं नकार दिला, पण १९५१ च्या संरक्षण करारानं अमेरिकेला तिथे तळ ठेवता आला. म्हणजे सैन्यासाठी लागणारी सोय खरेदी न करताच मिळाली.

आज विकण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधी पाहावं लागतं. डेन्मार्कच्या २००९ च्या स्वराज्य कायद्यानं ग्रीनलँडचे लोक हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क असलेले लोक आहेत असं मान्य केलं. स्वतंत्र व्हायचं की नाही हे ठरवण्याची सुरुवात त्यांच्याकडून, सार्वमत त्यांचं. शेवटी डेन्मार्कच्या संसदेची संमती लागते. जमिनीखालच्या खनिजांचा कारभारही २०१० पासून त्यांच्याच सरकारकडे आहे. १८०३ साली नेपोलियननं जसं पॅरिसमध्ये बसून ठरवलं, तसं कोपनहेगनला आता एकट्यानं ठरवता येत नाही.

आणि जमिनीचं म्हणाल, तर ग्रीनलँडमध्ये खासगी मालकीची जमीन हा प्रकारच नाही. घर तुमचं, पण त्याखालची जागा तुमची नाही. नगरपालिकेकडे अर्ज करायचा, ती जागा वापरायचा हक्क देते. म्हणजे तिथल्या प्रत्येकाकडे जे आहे ते वापराच्या हक्कावरच उभं आहे, आणि असा हक्क किती पक्का असतो याचा अनुभव तिथल्या लोकांना आहे. १९५३ साली वायव्य किनाऱ्यावरचा अमेरिकन तळ वाढवायचा होता, म्हणून शेजारच्या वस्तीतल्या २७ कुटुंबांना काही दिवसांच्या मुदतीत सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला कानाक इथे जायला लावलं. त्यांनी डेन्मार्कच्या न्यायालयात दाद मागितली. १९९९ साली उच्च न्यायालयात आणि मग २००३ साली सर्वोच्च न्यायालयात ती जबरदस्ती होती हे मान्य झालं आणि भरपाई मिळाली. परत जाण्याचा हक्क मिळाला नाही.